अंगणातील विद्यामंदिर : कै. अनुताई वाघ यांचे पुण्यस्मरण



आपल्या कोलशेत गावच्या देवालयाचा जीर्णोद्धार आपणा सर्वांच्या सहकार्याने पूर्ण होत आहे. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंट व खडी दिली, कोणी घंटा वाहिली, तर कोणी नुसते अंगमेहनतीचे काम केले. खारीचा वाटा म्हणतात तो प्रत्येक घराने उचलला. देणगीदारांची नावे फरशीवर कोरली जातात, ही रीत योग्यच आहे. पण नाव कोरताना गवंड्याच्या हातातील छिन्नी जेथे पोहोचत नाही, अशीही काही माणसे गावाच्या इतिहासात असतात. त्यांत पहिला मान वृद्ध स्त्रियांचा आहे.

आपला गाव खाडीकाठचा. भातशेती, खाडीतील मासेमारी आणि रेती यांवर येथल्या पिढ्या जगल्या. पुढे कोलशेत रस्त्याच्या बाजूला रसायनांचे कारखाने आले, १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली, आणि आता कारखान्यांच्या जागांवर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. या सर्व बदलांत गावपण टिकवून धरले ते कोणी? बाळंतिणीच्या मदतीला रात्री-अपरात्री कंदील घेऊन निघणारी आजी, घरात मयत झाले तर सर्वांत आधी येऊन चूल पेटविणारी शेजारीण, आणि लग्नमंडपात बसून धवले गाणारी धवलारीण, या स्त्रियांनी.

धवलारणीचा मान आपल्या आगरी-कोळी समाजात फार मोठा. लग्नाचे विधी तिच्या गाण्यांवाचून पुरे होत नाहीत. तिच्याजवळ पोथी नाही, कागद नाही. शेकडो ओळी मुखोद्गत असतात आणि त्या तिने आपल्या आधीच्या धवलारणीच्या शेजारी बसून उचललेल्या असतात. धवळे हा गाण्याचा प्रकारही फार जुना आहे. तेराव्या शतकातील महानुभाव पंथाच्या महदंबेने रचलेले धवळे प्रसिद्ध आहेत व तिला मराठीतील आद्य कवयित्री मानतात. म्हणजे शाळेचे तोंड न पाहिलेली आपली धवलारीण एका फार मोठ्या विद्येची वारसदार आहे. तरीसुद्धा तिचे चरित्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

ज्या स्त्रियांचे चरित्र लिहिले गेले नाही त्यांच्याविषयी चार ओळींपलीकडे लिहिणे कठीण. म्हणून या स्मरणिकेसाठी लेख लिहिताना आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील अशा एका वृद्ध स्त्रीचे चरित्र निवडले आहे, की जिचे आयुष्य व्यवस्थित नोंदलेले आहे, आणि जिने लावलेल्या रोपाची सावली आज आपल्या प्रत्येक वस्तीत पडली आहे. त्या म्हणजे कोसबाडच्या कै. पद्मश्री अनुताई वाघ. कोसबाड हे गाव डहाणू तालुक्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत डहाणू तालुका आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. त्यामुळे अनुताई या आपल्याच घरच्या होत, असे म्हणण्यास हरकत नाही.

मोरगावची मुलगी

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. अष्टविनायकांतील पहिला गणपती तो मोरगावचा मोरेश्वर, हे भाविकांना सांगावयास नको. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळण्याच्या आतच तो संपला.

त्या काळी बालविधवेच्या वाट्याला काय येत असे, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी ऐकलेले आहे. मंगल कार्यात तिने पुढे यावयाचे नाही, नवे लुगडे नाही, हळदीकुंकवाचे बोलावणे नाही. स्वयंपाकघराचा कोपरा हेच तिचे जग. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी संस्था काढून एक वाट मोकळी केली होती खरी, पण त्या वाटेने मुलीला पाठविण्याचे धैर्य फार थोड्या घरांत होते. अनुताईंना शिक्षण मिळाले. पुण्यास अध्यापिकेचे शिक्षण घेऊन १९२९ साली त्या नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शिक्षिका झाल्या. १९३३ पासून त्यांनी पुण्याच्या हुजूरपागा शाळेत नोकरी केली. दिवसा मुलांना शिकवावे व रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन विद्यार्थिनी म्हणून बसावे, असा क्रम ठेवून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. आणि बी.ए.ची पदवी त्यांनी मिळविली ती १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! आपल्याकडे पन्नाशी उलटली की ‘आता काय शिकायचे’ असे म्हणून मनुष्य मोकळा होतो. अनुताईंच्या आयुष्यात हे वाक्य कोठेच सापडत नाही.

ताराबाईंची भेट

१९४५ साली अनुताईंचे आयुष्य बदलले. कस्तुरबा ट्रस्टच्या वतीने बोरिवली येथे झालेल्या शिबिरात त्यांची व ताराबाई मोडक यांची गाठ पडली. ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा; म्हणजे त्या अनुताईंहून अठरा वर्षांनी मोठ्या. राजकोट येथील अध्यापिका महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले होते. नंतर भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांची पद्धत गिजुभाई व ताराबाईंनी आपल्या मुलांना मानवेल अशा रूपात आणली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार चालविला.

शहरातील सुखवस्तू घरांची मुले शिशुविहारात शिकत होती. काम नावारूपास आले होते. अशा वेळी बहुतेक माणसे स्थिर होतात. ताराबाईंच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न होता. हे शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांपुरतेच राहणार काय? खेड्यातील मुलाला ते मिळणार कधी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या व तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत काम करण्यासाठी पुण्याची कायमची नोकरी सोडून अनुताई बोर्डीस आल्या. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या.

अंगणवाडीचा जन्म

आता जी हकिकत सांगावयाची आहे, ती देवळाच्या कामाशी निगडित असल्याने वाचकांनी जरा लक्षपूर्वक वाचावी.

बोर्डीस बालवाडी सुरू झाली. दार सर्वांना उघडे होते. तरीही गावातील दलित वस्तीतील, त्या वेळच्या भाषेत हरिजनवाड्यातील, मुले येईनात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना प्रत्येक उंबरठ्यावरून परत लावले गेले होते, त्यांनी एका उघड्या दारावर एकदम विश्वास तरी कसा ठेवावा? शिवाय आईबाप पहाटेच मजुरीस जात. घरची धाकटी भावंडे थोरलीच्या कडेवर. मुलांना आणून सोडावयास घरात माणूस नसे.

‘आम्ही शाळा काढली, मुले येत नाहीत, आमचा काय दोष’ असे म्हणून ताराबाई व अनुताईंना गप्प बसता आले असते. त्यांनी तसे केले नाही. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले व त्या साहित्य घेऊन वस्तीत गेल्या. एखाद्या घरापुढचे सारवलेले अंगण हीच शाळा. तेथे मुलांना गोळा करावे, हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, नखे कापावीत, मग गाणी, गोष्टी व खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. इतका साधा हा शब्द, आणि तो आपल्या जिल्ह्याच्या मातीत जन्मला आहे.

माँटेसरी पद्धतीची साधने महाग. ती खेड्यास परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, चिंचोके, रंगीत बिया, झाडांची पाने, नदीतील गोटे व मातीची भांडी यांचीच साधने करण्यात आली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सर्व मूल त्यावरून शिकते. पैसा नाही म्हणून काम अडले, असे या बायांनी कधी होऊ दिले नाही.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. प्रारंभी ती देशातील ३३ ठिकाणी होती. लहान मुलांना पूरक आहार, लसीकरण व शाळापूर्व शिक्षण एकाच जागी मिळावे, हा तिचा हेतू. त्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी हेच. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही अशा गावांतही, हे नाव चालते. समुद्रकाठच्या एका वस्तीतील अंगणात उच्चारलेला शब्द देशभर पसरला.

कोसबाडच्या टेकडीवर

बोर्डीच्या कामास दहा-अकरा वर्षे झाल्यावर, १९५६-५७ च्या सुमारास, हे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आले. भोवताली वारल्यांचे पाडे. हा समाज तेव्हा कोणत्या स्थितीतून वर येत होता, हे थोडक्यात सांगणे जरूर आहे. जमिनी सावकार व जमीनदारांकडे गेलेल्या. वेठ करावी लागे ती वेगळीच. लग्नापुरते कर्ज काढून त्यापायी मालकाकडे वर्षानुवर्षे राबणाऱ्या नवराबायकोस लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी याविरुद्ध मोठा लढा दिला. त्याच वर्षी, त्याच भागात, ताराबाई व अनुताईंचे बालशिक्षणाचे काम सुरू झाले. मार्ग अगदी वेगळे, पण माणूस ताठ उभा राहावा हा ध्यास दोन्हीकडे.

कोसबाडला मुले शाळेत न येण्याचे कारण निराळे होते. मुलगा गुरे राखीत असे व मुलगी धाकट्या भावंडास सांभाळीत असे. त्यांनी शाळेत यावे तर घरचे काम कोणी करावे? येथेही अनुताईंनी आईबापांना दोष दिला नाही. गुरे कुरणात जातात तर गुरुजींनीही कुरणात जावे, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरे चरताहेत आणि झाडाखाली मुले अक्षरे गिरवीत आहेत, असे ते दृश्य. दिवसा सवड नसलेल्यांसाठी रात्रीची शाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकाच आवारात, म्हणजे थोरल्या बहिणीने कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे व आपण वर्गात जाऊन बसावे. या योजनेस विकासवाडी असे नाव होते. ज्याला शेजारपाजारच्या घरांची अडचण ठाऊक आहे, अशाच मनुष्यास हे सुचू शकते.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. कोसबाडच्या कामाची सर्व जबाबदारी अनुताईंवर आली, तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. सरकारी नोकरीत असत्या तर पेन्शन घेऊन तीर्थयात्रेस जाण्याचे ते वय.

उतारवयातील उभारी

या वयानंतर अनुताईंनी जे केले, ते आपल्या गावातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या आया-बहिणींनी मुद्दाम वाचण्यासारखे आहे. त्यांनी केंद्र नुसते सांभाळले नाही, वाढविले. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाचे संपादन केले, मुलांसाठी व शिक्षकांसाठी पुस्तके लिहिली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी आपल्या कामाची हकिकत सांगितली आहे. बालवाडीच्या शिक्षिका तयार करण्याचे काम तर अखंड चालूच होते. सत्तरीच्या घरात असताना त्या दाभोणच्या जंगलभागात गेल्या व तेथील आदिवासी कुटुंबांत नव्याने काम सुरू केले.

मुलांबरोबर काम करता करता त्यांच्या ध्यानात आले होते, की मुलाची आई खचलेली असेल तर मूल उभे राहात नाही. म्हणून ठाणे जिल्हा स्त्रीशक्ती जागृती समितीच्या द्वारे त्यांनी बायकांना एकत्र आणण्याचे काम हाती घेतले. तेराव्या वर्षी जिला अपशकुनी मानण्यास समाज तयार होता, तीच स्त्री उतारवयात जिल्ह्यातील बायकांची वडीलधारी झाली.

१९८५ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान व जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांचे वय पंचाहत्तर होते. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. पण ‘ताई’ म्हणून हाक मारणाऱ्यांची गणती कोण करणार?

आपल्या देवळाचे अंगण

आता वाचक विचारतील, की देवळाच्या स्मरणिकेत या शिक्षिकेचे चरित्र कशाला? त्याचे उत्तर असे.

पूर्वी आपल्याकडे पंतोजींची शाळा देवळाच्या ओसरीत किंवा एखाद्याच्या पडवीत भरत असे. बालवाडीस जागा मिळाली नाही, तर गावे आपली देवळे व समाजमंदिरे मोकळी करून देत. म्हणजे देऊळ व शाळा यांचे नाते आजचे नाही. मात्र त्या जुन्या ओसरीवर सर्वांच्या मुलांना बसावयास मिळत नव्हते, हेही तितकेच खरे आहे व ते लपविण्यात अर्थ नाही. अनुताईंच्या आयुष्याचे सार येथेच आहे. दार उघडे ठेवले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे त्यांनी मानले नाही. जो आत येण्यास बिचकतो त्याच्या अंगणापर्यंत आपण चालत गेले पाहिजे, हे त्यांनी सत्तेचाळीस वर्षे करून दाखविले.

आपल्या देवळाचा गाभारा नवा झाला, कळस चढेल, फरशी चकचकीत झाली. आता आपल्या गावात नव्या इमारतींमुळे दूरदूरची माणसे राहावयास आली आहेत. त्या इमारती बांधणारे मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात व त्यांची मुले वाळूच्या ढिगांवर खेळतात. ही मुले आपण होऊन देवळाच्या पायऱ्या चढणार नाहीत. कोणीतरी हात धरून त्यांना आणावे लागेल. प्रसाद वाटताना त्यांची ओंजळ रिकामी राहणार नाही, एवढे पाहणे तरी आपल्या हाती आहे. सभामंडपात सकाळचे दोन तास लहान मुलांची गाणी-गोष्टी चालू लागली, तर तोही देवाचा काकडाच समजावा.

दुसरी विनंती आपल्या तरुण मंडळींस. गावातील ज्या धवलारणी आज हयात आहेत, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. त्यांच्या मुखातील धवले उतरवून घ्या, आवाज साठवून ठेवा. त्यांचे माहेर कोणते, त्या कोणाजवळ शिकल्या, खाडीत कोणती मासळी मिळे, कोणत्या खाचराला काय नाव होते, कोणाच्या बाळंतपणाला त्या धावल्या, हे सर्व विचारून लिहून ठेवा. खाचरे गेली, त्यांची नावे या वृद्धांच्या तोंडीच काय ती उरली आहेत. अनुताईंचे चरित्र आपणास आज सांगता येते, कारण त्यांनी स्वतः लिहिले व इतरांनीही लिहून ठेवले. आपल्या आज्यांना लिहिता आले नाही. ते काम त्यांच्या शिकलेल्या नातवंडांनी करावयाचे आहे. पुढील स्मरणिकेत असे दहा लेख यावेत, हीच इच्छा.

तिसरी विनंती आपल्या माता-भगिनींस. पुष्कळ घरांत पती निवर्तल्यावर बाईला अजूनही ओटीभरणात व हळदीत मागे बसवितात. मोरगावच्या त्या तेरा वर्षांच्या मुलीस आपण मागे बसविले असते, तर हजारो मुलांची अक्षरओळख राहून गेली असती. कलशारोहणाच्या दिवशी कळसाची पहिली पूजा गावातील सर्वांत वृद्ध बाईच्या हातून व्हावी, मग ती सवाष्ण असो वा नसो. असे झाले तर या जीर्णोद्धारात नुसत्या दगडविटांचा नव्हे, आपल्या मनाचाही जीर्णोद्धार झाला, असे म्हणता येईल.

 ज्यांची नावे कोठेच आली नाहीत, त्या कोलशेतच्या सर्व आज्यांना, आणि त्यांच्या वतीने कै. अनुताई वाघ यांना विनम्र अभिवादन.